‘घाशीराम’च्या पुण्यात जामीन कोण राहतो?

‘घाशीराम कोतवाल’वर आजवर जे लिहिलं गेलंय त्यातलं बरंचसं सत्तेबद्दल आहे. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी एक राक्षस उभा करते आणि काम संपलं की त्याचाच बळी देते. नाना फडणवीस सुटतो, घाशीराम दगडांखाली मरतो. काहींनी ते जातीच्या अंगाने वाचलं, काहींनी लोककलांच्या अंगाने. माणसांची भिंत, सूत्रधार, कीर्तन आणि लावणीची सरमिसळ यांवर तर भरपूर लिहून झालंय. यातलं मला काहीच अमान्य नाही. पण विजय तेंडुलकरांची संहिता गेल्या वर्षी पुन्हा वाचताना मी वेगळ्याच ठिकाणी अडलो. या नाटकात पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसं एकमेकांना एकच गोष्ट विचारतायत, कधी तोंडाने, कधी काठीने: तू म्हणतोस ते मी खरं का मानायचं?

सुरुवातच बघा. रात्रीच्या वेळी लगबगीने निघालेल्या भटजींना सूत्रधार हटकतो, कुठे निघालात म्हणून विचारतो. उत्तरं टाळाटाळीची येतात आणि शेवटी कळतं की मंडळी बावनखणीकडे चाललीयत. प्रेक्षक हसतो. इथे धडधडीत खोटं बोललं जातंय, पण कुणीच कुणावर संशय घेत नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. कोण कुणाचा, कुठल्या पेठेतला, रात्री कुठे जातो, सकाळी कुठे पूजा सांगतो, हे माहीत असलं की खोटं बोलण्याने काही बिघडत नाही. तेंडुलकरांचं पुणं ओळखीवर चालणारं शहर आहे. खरेपणाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

अशा शहरात घाशीराम येतो. तो कनोजचा ब्राह्मण, जातीने आतला आणि ओळखीने बाहेरचा. गुलाबीच्या कोठीवर तो पडेल ते काम करतो. नानाच्या पायाला लागतं तेव्हा स्वतःची पाठ पुढे करून बक्षीस म्हणून गळ्यातला हार मिळवतो, आणि तो हार गुलाबीची माणसं त्याच्याकडून हिसकावून घेतात. पुढे दक्षिणेच्या गर्दीत एकाची पैशाची थैली जाते. चोर कोण? हाच. त्याच्या विरुद्ध काय आहे, असं मी ते पान दोनदा वाचून शोधलं. काहीही नाही. तो जवळ उभा होता आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं, एवढंच. मार, कोठडी, हकालपट्टी हे सगळं एवढ्या भांडवलावर होतं. रंगमंचावरची ब्राह्मणांची रांग तोंड फिरवते तेव्हा तिची भिंत होते. घाशीरामच्या वाट्याला नाटकाच्या पहिल्या भागात बहुतेक पाठीच येतात.

पुण्याला डुकरांचं राज्य करीन, सैतान होऊन परत येईन, अशी प्रतिज्ञा करून तो जातो. इथून पुढचं वाचन सहसा सूडाच्या रेषेवर जातं. मला मात्र तो परत कसा येतो यात जास्त रस आहे. ज्या शहरात त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती तिथली कोतवाली त्याला कशी मिळाली? नानाने त्याच्यावर विश्वास टाकला, असं म्हणता येत नाही. घाशीरामने आपली मुलगी, ललिता गौरी, नानाला दिली. ती तारण आहे. शिवाय नानाचा हिशोब त्याने स्वतःच प्रेक्षकांना ऐकवलाय. हा परका आहे, याच्यामागे कुणी उभं राहणार नाही, हा आपल्याला सोडून जाऊ शकत नाही आणि आपली पापं याच्या खात्यावर जमा होतील. कर्ज देताना सावकार जे बघतो तेच नानाने बघितलं. समोरचा प्रामाणिक आहे का, हा प्रश्नच त्याने काढून टाकला. समोरचा बुडाला तर माझं काय जाईल, एवढंच विचारलं आणि उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं. नाटकातला सगळ्यात हुशार माणूस विश्वास ठेवण्याच्या भानगडीतच पडत नाही.

आणि मग परवाने सुरू होतात.

रात्री अकरानंतर परवान्याशिवाय फिरायचं नाही, हा त्यातला सगळ्यांना आठवणारा नियम. पण संहितेतली पुढची यादी जास्त मजेची आहे. परवान्याशिवाय काय काय गुन्हा आहे ते सांगताना तीत चोरी येते, आत्महत्या येते, जात लपवणं येतं. म्हणजे परवाना असेल तर चालेल! प्रयोगात इथे हशा येत असणार. माझा हशा थोडा अडखळला, कारण माझं रोजचं काम याच जातीचं आहे. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते समोरचा ग्राहक ‘तोच’ आहे का, हे तपासतं. नाव, फोटो, ओटीपी, कागदपत्रं. आमची प्रणाली हा माणूस चांगला की वाईट असं कधीच विचारत नाही. तिला ते विचारताही येत नाही. चारही खुणा जुळल्या की हिरवा टिक येतो. तेंडुलकरांनी १९७२ साली त्या यादीत नेमकं हेच पकडलंय. परवाना आला की चांगलं-वाईट ही भाषा मागे पडते आणि मंजूर-नामंजूर ही भाषा पुढे येते. चोरीसुद्धा मग नामंजूर असते, वाईट नसते.

तरीही परवान्याची बाजू घ्यायला हवी. या नाटकावर लिहिणारे ती सहसा घेत नाहीत. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. नोकरी लागून पुण्यात आलो तेव्हा कोथरूड-कर्वेनगर भागात खोली शोधत होतो. गाव कुठलं, आडनाव काय, घरात नॉनव्हेज शिजवणार का, असं करत करत प्रश्न एका ठराविक जागी येऊन थांबायचे: ‘पुण्यात तुमच्या ओळखीचं कोण आहे?’ ओळखीचं कुणी असतं तर मी तुमच्या जिन्यात कशाला उभा राहिलो असतो! एका घरी मी कंपनीचं पत्र, पगाराची स्लिप, आधार कार्ड सगळं पुढे ठेवलं. काकांनी ते न बघताच परत केलं आणि पुन्हा आडनाव विचारलं. याच्या तुलनेत आज मी राहतो त्या सोसायटीच्या गेटवरचं ॲप मला फार सभ्य वाटतं. ते माझ्या पाहुण्याचा मोबाईल नंबर मागतं, मी ‘हो’ दाबलं की त्याला आत सोडतं. त्याला आडनावातलं काही कळत नाही. ओळखीवर चालणाऱ्या शहरात परक्याच्या बाजूने उभा राहणारा पहिला मित्र म्हणजे कागद. घाशीरामकडे त्या दक्षिणेच्या गर्दीत एखादा शिक्क्याचा कागद असता तर कदाचित तो वाचला असता.

म्हणून मला घाशीरामचा परवाना निव्वळ जुलूम वाटत नाही. तो एका परक्याने बसवलेला नियम आहे. ज्या पुण्याने ‘तुला कोण ओळखतं?’ असं विचारून त्याला हाकललं त्या पुण्याला तो सांगतो, आता तुमच्या ओळखी चालणार नाहीत. पेठेतला प्रतिष्ठित भटजी आणि कालचा आलेला भणंग, दोघांनी एकाच रांगेत कागद दाखवायचा. यात एक प्रकारचा न्याय आहे आणि तोच या नाटकातला मोह आहे. अडचण अशी की घाशीराम परक्याला आपलं करत नाही, तो आपल्यांना परकं करतो. आता मध्यरात्री दार ठोठावून घरातल्यांची झाडाझडती होऊ शकते. बायको अडली म्हणून सुईण आणायला निघालेल्या माणसाला आधी परवाना विचारला जातो. शेजाऱ्याची साक्ष, गल्लीची ओळख, माणसाच्या चेहऱ्यावरची घालमेल, जे काही बघून आपण एरवी एखाद्याचं म्हणणं मानतो, ते सगळं एका झटक्यात बाद.

कॉम्प्युटरच्या सुरक्षेत गेली काही वर्षं ‘झीरो ट्रस्ट’ हा शब्द फार चलनात आहे. आतलं नेटवर्क, बाहेरचं नेटवर्क हा भेद मानायचा नाही, प्रत्येक वेळी प्रत्येकाला तपासायचं. यंत्रांसाठी ही कल्पना उत्तम आहे आणि मी ती रोज वापरतो. पण त्यातही एक जागा उरतेच जिथे तपासणी थांबते आणि कुणावर तरी विसंबावं लागतं. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या नावाशेजारी कुलूप दिसायचं ते एका सर्टिफिकेटमुळे. ते सर्टिफिकेट देणारी एक संस्था असते आणि त्या संस्थेला ब्राउझरने आधीच खरं मानलेलं असतं. २०११ मध्ये डिजिनोटार नावाच्या डच संस्थेत घुसखोरी झाली आणि तिच्या नावाने गूगलसकट अनेक पत्त्यांची खोटी सर्टिफिकेटं निघाली. इराणमधल्या लोकांचे जीमेल वाचण्यासाठी ती वापरली गेली. कुलूप तसंच दिसत होतं. ब्राउझरवाल्यांनी त्या संस्थेला यादीतून काढलं आणि ती त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. परवाना मागणारे सगळे शेवटी या एका प्रश्नाशी येऊन अडकतात: परवाना देणाऱ्याचा परवाना कुणी बघितला? घाशीरामच्या पुण्यात याचं उत्तर नाना फडणवीस असं आहे. त्याला रात्री कुठे चाललात असं विचारणारा शिपाई नाटकात नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. एका ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो. तो नाही म्हणतो. घाशीराम त्याला दिव्य करायला लावतो. तापवलेला लोखंडाचा गोळा हातावर घ्यायचा, हात भाजला तर चोर. प्रसंगाची क्रूरता कुणाच्याही लक्षात येईल. मी थबकलो तो तयारीपाशी. हात साबणाने घासून धुवायचे, नखं काढायची, हाताला पिशवी बांधून तिला मोहोर लावायची, पिंपळाची पानं आणायची. हाताला आधी काही लावलेलं नसावं, कुणी फसवू नये, म्हणून काय ही काळजी! तेंडुलकर हे सगळं इतक्या कोरड्या तपशिलात देतात की एखाद्या प्रयोगशाळेची नियमावली वाचतोय असं वाटावं.

तो तपशील त्यांच्या मनातून आलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत दिव्याचे पाच प्रकार आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. अग्निदिव्यात हातावर पिंपळाची सात पानं सुताने बांधून, पन्नास पळं वजनाचा तापलेला गोळा घेऊन सात मंडलं चालायची असतात. मराठेशाहीतल्या न्यायनिवाड्यांतही दिव्यं झालेली आहेत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायच्या दिव्याला ‘रवा’ म्हणत. पण हीच स्मृती त्याआधी एक क्रम घालून देते. लिखित, भुक्ती आणि साक्षी, म्हणजे कागद, वहिवाट आणि साक्षीदार. ही तीन मानवी प्रमाणं आधी बघायची आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर दिव्य. माणसांकडून कळण्यासारखं सगळं संपल्यावर देवाकडे जायचं. घाशीराम मधल्या सगळ्या पायऱ्या गाळतो. साक्षीदार कोण, थैली कुठे ठेवली होती, कुणी पाहिलं, कशात त्याला रस नाही. त्याला निकाल लावणारी प्रक्रिया हवी आहे आणि ती इतकी काटेकोर हवी की तिच्याबद्दल कुणाला शंका घेता येऊ नये.

गोळा हातावर ठेवतात, माणूस किंचाळतो, शेवटी चोरी कबूल करतो आणि घाशीरामला शाप देतो. आम्ही चाचण्या लिहिणारी माणसं एक गोष्ट शिकतो: जी चाचणी कधीच पास होऊ शकत नाही ती काहीही तपासत नाही. तापल्या लोखंडाने प्रत्येकाचा हात भाजतो. मग ती नखं काढणं, ती मोहोर कशासाठी? मला वाटतं, बघणाऱ्यांसाठी. काळजीपूर्वक केलेली गोष्ट न्याय्य असणार असा आपला समज असतो. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळला नाही म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं उदाहरण आता सगळ्यांना माहीत आहे. शेतात, बांधकामावर हात झिजले की ठसे पुसट होतात. दुकानदार त्या म्हातारीला वर्षानुवर्षं ओळखत असतो आणि तरी मशीनचं ऐकावं लागतं म्हणून मान हलवतो. त्याला क्रूर म्हणवत नाही. त्याच्याकडून ओळखण्याचं काम काढून घेतलेलं असतं.

शेवटाकडे दक्षिणेकडून आलेले काही ब्राह्मण घाशीरामच्या बागेतली फळं तोडतात. चोरीच्या आरोपावरून त्यांना इतक्या छोट्या जागेत कोंडलं जातं की त्यातले बरेच गुदमरून मरतात. या घटनेला १७९१ मधल्या खऱ्या प्रसंगाचा आधार आहे. नाटकात तिची जागा भयंकर अचूक आहे. परके ब्राह्मण, अनोळखी शहर, चोरीचा आळ, कोठडी. घाशीरामसमोर त्याचीच गोष्ट परत आली आणि त्याने पुण्याने दिलेलाच निवाडा दिला. आणि ज्या पुणेकरांनी एके काळी परक्याला चोर ठरवलं होतं, ते आता परक्यांच्या मरणाचा जाब मागायला नानाच्या दारात गर्दी करतात. नाना कागदावर सही करून घाशीरामला त्यांच्या हवाली करतो. नाटकातला हा शेवटचा परवाना, आणि तो कुणीही तपासून बघत नाही.

इथवर मी तेंडुलकरांच्या बाजूने आहे. पण ही संहिता पुन्हा पुन्हा वाचताना काही गोष्टी खटकत गेल्या.

एक म्हणजे ललिता गौरी. सगळा व्यवहार जिच्यावर उभा आहे ती नाटकात जवळपास बोलतच नाही. ती मेल्याचं घाशीरामला फार उशिरा कळतं, तेही चंद्रा सुईणीकडून. शहरातल्या प्रत्येक घरात रात्री काय चालतं याची खबर ठेवणाऱ्या कोतवालाला स्वतःच्या मुलीचं प्रेत उकरून बघावं लागतं. प्रसंग जबरदस्त आहे. पण तिने बापावर काय म्हणून विश्वास टाकला, टाकला का, याबद्दल एक ओळही नाही. नानाने तिला तारण म्हणून वापरलं, घाशीरामनेही, आणि मला वाटतं थोडंसं तेंडुलकरांनीही.

दुसरी खटकणारी गोष्ट जास्त मोठी आहे. या पुण्यात कुणीच कुणासाठी जामीन राहत नाही. त्या काळच्या मराठी कागदांत हाजीरजामीन आणि मालजामीन हे शब्द सर्रास भेटतात. पहिला माणूस हजर राहण्याची हमी घेतो, दुसरा पैशाची. सावकारांच्या हुंड्या एका शहरात लिहून दूरच्या दुसऱ्या शहरात वटत. हे सगळं काही प्रेमाने चालत नव्हतं, त्यातही जात आणि स्वार्थ होताच. पण त्या व्यवहारात कुणीतरी म्हणायचं की हा माझ्या भरवशावर, चुकला तर मला धरा. ओळखीपेक्षा हे वेगळं आहे, कारण ओळख फुकट असते. परवान्यापेक्षाही वेगळं, कारण परवाना देणाऱ्याचं काही जात नाही. तेंडुलकरांच्या पुण्यात ओळख आहे आणि परवाना आहे. या दोन्हींच्या मधलं काहीच नाही. म्हणून त्यांचा निष्कर्ष इतका काळाकुट्ट येतो. मला तो अर्धा पटतो. त्या दक्षिणेच्या गर्दीत एखादा तरी माणूस ‘थांबा, मी बघितलंय, याने नाही घेतली’ असं म्हणायला तोंड उघडतो आणि गप्प बसवला जातो, एवढी एक ओळ जरी असती तरी नाटक अधिक भीतिदायक झालं असतं. भिंतीत एकही माणूस नाही असं दाखवणं नाटककाराला सोपं जातं. मला पुण्यात खोली मिळाली ती मेसवाल्या काकूंमुळे. मालकांना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की पोराचे डब्याचे पैसे पाच तारखेच्या पुढे कधी गेले नाहीत. भाडेकराराची सगळी नोंदणी ऑनलाइन झाली, अंगठे मशीनवर उमटले, तरी दोन साक्षीदार लागलेच, आणि त्यातल्या एक त्या होत्या.

तिसरी गोष्ट नावांची. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्वतःच सांगितलं होतं. मोरोबा कान्होबांचं १८६३ सालचं घाशीरामवरचं पुस्तक त्यांच्यासमोर होतं, पण त्यांना इतिहास सांगायचा नव्हता. तरी नाना फडणवीस हे नाव वापरलं की प्रेक्षक आपोआप थोडा विश्वास टाकतो, कारण ते नाव आधीच ओळखीचं आहे. ही ओळख लेखकाने उसनी घेतली आणि पुराव्याची जबाबदारी मात्र घेतली नाही. ज्यांनी त्या वेळी ‘नाना असा होता याला आधार काय?’ असं विचारलं त्यांच्या हेतूंबद्दल काहीही म्हणा, प्रश्न वाजवी होता. दुसऱ्या एखाद्या कल्पित नावाने हे नाटक उभं राहिलं असतं का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यामुळे मी तेंडुलकरांना ही सवलत देतो, पण ती सवलत आहे हे विसरून नाही.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना झाले मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर, संगीत भास्कर चंदावरकरांचं. नानाची आणि ब्राह्मणांची बदनामी केल्याचा गदारोळ झाला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. तेव्हा त्यातली बरीच मंडळी बाहेर पडली. ती वयाने माझ्याच आसपासची होती. नाटक चालेल, परदेशात जाईल, याची त्यांच्याकडे कुठलीही खात्री नव्हती. त्यांनी २७ मार्च १९७३ ला थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत ‘घाशीराम’ आपल्या नावावर पुन्हा उभं केलं.